वेदनेची साक्ष

माझ्या मानेवर शस्त्रक्रिया झाली त्याला आतां पावणेदोन वर्षें होतील. दोन मणक्यांमधील झिजलेली चकती काढून तेथें ठोकळा बसविला, वर धातूची पट्टी स्क्रूंनीं आवळली, आणि तीन महिन्यांत मी पूर्ववत् वर्गावर उभा राहीन असें मला सांगण्यांत आलें. उभा राहिलों हें खरें. पण उजव्या खांद्यापासून अंगठ्यापर्यंत जी आग पूर्वीं होत असे ती गेली नाहीं; उलट तिच्या जोडीला मानेच्या मुळाशीं एक रग येऊन बसली, ती दुपारीं तीनच्या सुमारास सुरू होते आणि रात्रीं दिवा मालवल्यावरहि जात नाहीं. शल्यवैद्यांना हें सांगितलें तेव्हां त्यांनीं समोरच्या चित्राकडे पाहिलें, माझ्याकडे नव्हे, आणि म्हणाले, "चित्र तर उत्कृष्ट आहे." दुसऱ्या खेपेस तेंच उत्तर. तिसऱ्या खेपेस त्यांनीं विचारलें, "प्रोफेसरसाहेब, घरीं कांहीं काळजीचें आहे काय?" काळजी होती, ती मानेची होती.

मी वैद्यकांतला माणूस नव्हे, इतिहास शिकवून पोट भरणारा आहें. दुखण्यावर औषध सांपडेना तेव्हां मीं दुखण्याचा इतिहास वाचावयास घेतला. ह्या व्यवसायांत एक खोड अंगवळणी पडते. कोणताहि कागद पुढें आला कीं साक्षीदार कोण, त्यानें प्रत्यक्ष पाहिलें काय, खोटें बोलण्यांत त्याचा लाभ काय, हे प्रश्न मनांत उभे राहतात. वेदनेच्या खटल्यांत मात्र मोठी अडचण आहे. तेथें साक्षीदार एकच असतो, आणि फिर्यादीहि तोच. त्याचें म्हणणें ग्राह्य धरावें कीं नाहीं, ह्या प्रश्नाचीं निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें दिलीं गेलीं, आणि तीं वैद्यांच्या ज्ञानापेक्षां त्यांच्या समजुतींवरच पुष्कळदां ठरलीं, असें माझ्या वाचनांत आलें.

आपल्याकडील सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शरीरांत दडून बसलेलें शल्य कसें हुडकावें ह्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. बाण किंवा काटा मोडून आंत राहिला आहे, बाहेर कांहीं दिसत नाहीं. अशा वेळीं वैद्यानें काय करावें? शिरा-स्नायूंत शल्य असल्याची शंका असेल तर मोडक्या चाकाच्या गाडींत रोग्याला बसवून खांचखळग्यांच्या रस्त्यानें वेगानें न्यावें. जेथें सूज किंवा वेदना उठेल तेथें शल्य आहे असें जाणावें. उपाय आडदांड आहे, आणि माझ्या मानेवर तो कोणी करूं नये अशी माझी प्रार्थना आहे. (शहरांतले सध्यांचे रस्ते पाहतां तो मजवर रोजच होतो ही गोष्ट निराळी.) पण त्यांतील गृहीत पाहण्यासारखें आहे. डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून शल्य नाहीं, असें तो आचार्य म्हणत नाहीं. रोग्याचें दुखणें हाच त्याच्या हातांतला दिवा आहे.

चित्रावर भिस्त ठेवण्याचा काळ फार अलीकडचा, परंतु शंका त्याच्याहि आधींची आहे. विलायतेंत आगगाड्या सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर अपघातहि. डब्यांतून वरकरणीं धडधाकट बाहेर पडलेलीं माणसें पुढें महिनोन्‌महिने मान, पाठ, निद्रानाश ह्यांच्या तक्रारी सांगूं लागलीं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील शल्यवैद्य जॉन एरिक एरिक्सन ह्यांनीं १८६६ सालीं ह्या विषयावर व्याख्यानें प्रसिद्ध केलीं. हिसक्यामुळें पाठीच्या कण्यांतील मज्जेला सूक्ष्म इजा होते व ती बाहेरून दिसत नाहीं, असें त्यांचें मत होतें. 'रेलवेचा कणा' असेंच त्या दुखण्याचें नांव पडलें. रोग्यांचे वकील हें पुस्तक घेऊन न्यायालयांत उभे राहूं लागले, आणि कंपन्यांना भरपाईच्या रकमा मोजाव्या लागल्या. १८८३ सालीं हर्बर्ट पेज ह्यांनीं त्यावर उत्तर लिहिलें: कण्याला कांहीं झालेलें नसतें, हा सारा भयाचा परिणाम आहे. हे गृहस्थ लंडन ॲण्ड नॉर्थ वेस्टर्न रेलवे कंपनीचे शल्यवैद्य होते. साक्षीदाराचा लाभ कशांत आहे हें पाहण्याची आमची खोड येथें उपयोगी पडते.

तथापि पेज ह्यांना सर्वस्वीं खोटें ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. कादंबरीकार डिकन्स ९ जून १८६५ रोजीं केंट परगण्यांत स्टेपलहर्स्टच्या अपघातांत सांपडला. त्यांत दहा माणसें दगावलीं. त्याला स्वतःला जखम नव्हती, आणि टोपींतून पाणी आणून तो घायाळांना पाजीत हिंडला. पण पुढें गाडींत बसलें कीं त्याचे हातपाय कांपूं लागत, आणि बरोबर पांच वर्षांनीं त्याच तारखेस तो वारला. भयानें शरीर खरोखर बदलतें, हें पेज ह्यांचें म्हणणें आजच्या शास्त्राला मान्य आहे. चूक त्यांच्या मागून येणाऱ्यांनीं केली. 'मनाशीं संबंध आहे' ह्याचा अर्थ त्यांनीं 'खरें नाहीं' असा लावला, आणि हा अर्थ अजून दवाखान्यांतून हद्दपार झालेला नाहीं.

ह्याच सुमारास अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. फिलाडेल्फिया शहराच्या कडेला टर्नर्स लेन येथें १८६३ सालीं चारशें खाटांचें एक इस्पितळ केवळ मज्जातंतूंच्या जखमांसाठीं उघडण्यांत आलें. गेटिसबर्गच्या लढाईनंतर तेथें जखमींची रीघ लागली. सायलस वीअर मिचेल हा तेथील प्रमुख वैद्य, वय चौतीस. मोअरहाउस आणि कीन हे त्याचे दोन सोबती. ह्या तिघांनीं रात्र रात्र बसून शिपायांच्या हकीकती उतरून घेतल्या, आणि १८६४ सालीं त्यांतून एक लहानसें पण चिरस्मरणीय पुस्तक निघालें.

त्यांतील एका दुखण्याचें वर्णन वाचतांना माझ्या अंगावर शहारा आला. गोळी दंडांतून किंवा मांडींतून आरपार गेलेली, जखम भरून आलेली, आणि तळहात किंवा तळपाय मात्र अहोरात्र भाजत असलेला. हे शिपाई पाण्याची बाटली व फडकें जवळ बाळगीत आणि हात सतत ओला ठेवीत. कित्येक आपल्या बुटांतच पाणी ओतीत. कागदाची सळसळ, शेजारून चालणाऱ्याच्या पावलांचा हादरा, दूरवर वाजणारा बँड, हें सुद्धां त्यांना सोसत नसे. रणांत न डगमगलेला गडी दार लोटल्याच्या आवाजानें रडकुंडीस येई. मिचेलनें १८६७ सालीं दाह आणि वेदना ह्या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ह्या दुखण्याला 'कॉसाल्जिया' असें नांव दिलें. नांव देणें ही लहान गोष्ट नव्हे. निनांवी दुखण्याचा रोगी कुरकुऱ्या ठरतो. नांव मिळालें कीं तोच रोगी होतो.

आणि लक्षांत घ्या, मिचेल भोळा नव्हता. लष्करी इस्पितळांत दुखण्याचें सोंग घेणारे कमी नसतात. ह्याच तिघांनीं त्याच वर्षीं अशा सोंगाड्यांवर एक स्वतंत्र निबंध लिहिला. संशयिताला ईथर हुंगवून त्याचें पितळ उघडें पाडण्याच्या युक्त्या त्यांत आहेत. म्हणजे सोंग कसें ओळखावें हें पुरतें जाणणाऱ्या माणसानें, पुष्कळ तपासून, ह्या शिपायांची साक्ष खरी धरली. तिचें मोल मला ह्यामुळेंच अधिक वाटतें.

अवयव कापून टाकल्यावरहि तो आहे असें वाटतें व दुखतें, हें फ्रेंच शल्यवैद्य आंब्रॉज पारे ह्यानें सोळाव्या शतकांतच नोंदविलें होतें. मिचेलनें १८६६ सालीं त्यावर निनांवी गोष्ट लिहिली. चारहि हातपाय गमावलेला एक वैद्य त्यांत आपली कहाणी सांगतो. ती इतकी खरी वठली कीं वाचकांनीं त्या काल्पनिक अपंगासाठीं वर्गणी गोळा केली! १८७१ सालीं त्यानें त्या नसलेल्या अवयवांना 'भुताचे अवयव' अशा अर्थाचें जें नांव दिलें तें आजतागायत चालत आलें आहे.

एवढ्यावर थांबतां आलें असतें तर मिचेल माझा आदर्श पुरुष ठरला असता. पण युद्ध संपल्यावर त्याच्याकडे निराळे रोगी येऊं लागले. त्यांत सुखवस्तु घरांतील थकलेल्या, दुखण्यानें वैतागलेल्या स्त्रिया पुष्कळ होत्या. त्यांच्यासाठीं त्यानें विश्रांतीची एक पद्धति काढली व १८७७ सालीं तिच्यावर पुस्तक लिहिलें. सहा-आठ आठवडे बिछाना, एकांत, भरपूर दूध, मर्दन, विजेचे झटके, वाचन-लेखन वर्ज्य. १८८७ सालीं शार्लट पर्किन्स गिल्मन ही सव्वीस वर्षांची बाई त्याच्याकडे आली. मूल झाल्यापासून तिला खिन्नतेनें ग्रासलें होतें. वैद्याला मदत व्हावी म्हणून तिनें आपल्या दुखण्याचा साद्यन्त वृत्तान्त आधींच लिहून ठेवला होता. तिनें आत्मचरित्रांत सांगितलें आहे कीं मिचेलला त्या वृत्तान्तांत तिचा अहंकार तेवढा दिसला. महिन्यानें घरीं पाठवितांना त्यानें तिला बजावलें: शक्य तितकें घरसंसारांत राहावें, मूल सदैव जवळ असावें, बुद्धीचें काम दिवसाला दोन तासांहून अधिक नको, आणि लेखणी जन्मांत पुन्हां हातीं धरूं नये.

ह्याच मिचेलनें दोन वर्षांपूर्वीं ओवेन विस्टर नांवाच्या मनानें खचलेल्या तरुणाला वायोमिंगच्या मोकळ्या मुलखांत हवापालटासाठीं धाडलें होतें. त्या मुलखाच्या अनुभवांतूनच विस्टरची गाजलेली कादंबरी पुढें जन्मास आली. पुरुषाला रान आणि घोडा, स्त्रीला खाट आणि दूध. गिल्मनबाईनें कांहीं महिने आज्ञा पाळली आणि ती वेडाच्या उंबरठ्याशीं पोंचली. मग तिनें लेखणी उचलली. 'पिवळा भिंतकागद' ही तिची गोष्ट १८९२ सालीं छापली गेली. वैद्य असलेला नवरा बायकोला प्रेमानें, समजुतीनें, एकेक शब्द खोडून काढीत कसा वेडी करतो, हें त्या गोष्टींत आहे. तिनें एक प्रत मिचेलला पाठविली. पोंच आली नाहीं.

ज्यानें शिपायाच्या हाताची न दिसणारी आग खरी मानली, त्याला ह्या बाईच्या स्वहस्तें लिहिलेल्या पानांत अहंकार दिसावा, ह्याचें कारण मी पुष्कळ दिवस शोधीत होतों. शिपायाच्या अंगावर गोळीची खूण होती हें एक उत्तर झालें. पण तेवढेंच असेल असें मला वाटत नाहीं.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. फ्रान्सच्या रने लेरिशनें पहिल्या महायुद्धांतील असेच भाजणारे हात पाहिले, आणि १९३७ सालच्या आपल्या ग्रंथांत, फार दिवस टिकणारी वेदना हा स्वतःच एक रोग आहे, असा पक्ष मांडला. इटलींत जन्मलेला जॉन बोनिका हा अमेरिकेंत कुस्त्या मारून पोट भरीत वैद्य झाला. आखाड्यांतील दुखापती त्याला जन्मभर पुरल्या, आणि १९५३ सालीं त्यानें वेदनेच्या उपचारावर मोठा ग्रंथ सिद्ध केला. देकार्तनें कल्पिलें होतें कीं पायाला विस्तव लागला कीं दोरी ओढली जाते व मेंदूंत घंटा वाजते. १९६५ सालीं मेल्झॅक व वॉल ह्यांनीं ती दोरी तोडली. कण्याच्या मज्जेंत जणूं एक दरवाजा असतो, तो खालून येणाऱ्या संदेशांनीं तसा मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांनींहि उघडतो-मिटतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. तपशील पुढें पुष्कळ बदलले. दोरी कांहीं परत आली नाहीं.

मानेच्या पुढील बाजूनें चकती काढण्याची क्रिया रॉबिन्सन व स्मिथ ह्यांनीं १९५५ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. तिनें असंख्य लोकांचे हात वांचविले आहेत, आणि माझ्या शल्यवैद्यांचें कसबहि मी नाकारीत नाहीं. पट्टी सरळ बसली आहे. परंतु चांगल्या शस्त्रक्रियेनंतरहि कांहींजणांची वेदना उरते, हें मान्य करावयास फार वेळ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादींत 'शस्त्रक्रियेनंतरची दीर्घकालीन वेदना' ह्या नांवाचें स्वतंत्र घर १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलें. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०२० सालीं आपली व्याख्या सुधारली, तींत माणूस आपल्याला दुखतें असें सांगतो त्या सांगण्याचा मान राखला जावा, असें शब्दांत घातलें.

हें सर्व वाचीत असतां मला माझ्या आईची आठवण होई. शेवटचीं अकरा वर्षें ती मानेला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून वावरत असे. "हातांतून मुंगळे चालतात रे," असें ती म्हणे. मी उत्तरपत्रिका तपाशीत असें. "वय झालें आई, पाटा-वरवंटा सोड आतां," एवढें मान वर न करतां सांगे, आणि माझें कर्तव्य संपे. तिला एकदांहि नीट दाखविलें नाहीं. तिच्याजवळ गोळीची खूण नव्हती.

गेल्या आषाढांत एका स्नेह्यानें मला वेदनेवरच उपचार करणाऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलें. त्यांनीं चित्र पाहिलें, मग उलटें ठेवलें, आणि पाऊण तास माझें ऐकून घेतलें. दुखणें समूळ जाईलच असें सांगवत नाहीं, हें त्यांनींच मला प्रथम स्पष्ट सांगितलें. चमत्कारिक वाटेल, पण त्या रात्रीं मला बऱ्याच दिवसांनीं झोंप लागली. आतां रात्रीं एक गोळी घेतों, सकाळीं मानेचे व्यायाम करतों, वीस मिनिटें लिहून झालें कीं घड्याळ वाजतें व मी उठून गच्चीवर फेऱ्या घालतों. हा लेख असाच तुकड्यांनीं लिहिला आहे. रग कांहीं दिवस कमी असते, कांहीं दिवस नसते.

त्या दिवशीं त्यांनीं माझ्यापुढें एक तक्ता ठेवला होता. मेल्झॅकनें १९७५ सालीं वेदनेचे ७८ शब्द वीस गटांत लावले, त्याच धर्तीचा तो होता. पण मराठी शब्द हातानें लिहिलेले होते: कळ, ठणका, सणक, चमक, ठसठस, रग, आग, मुंग्या. मीं पांच-सहांवर खुणा केल्या आणि 'मुंग्या' ह्या शब्दाशीं थांबलों. बाईंनीं विचारलें, "हा बरोबर नाहीं का?"

"मुंगळे," मी म्हणालों.

त्यांनीं लेखणी घेऊन तो शब्द खालीं लिहून घेतला.