एकाच घरी पाळणा पुन्हा का रिता होतो?

श्रोतेहो, एखाद्या बाईची दोन-तीन मुले लागोपाठ गेली, की गावात कुजबूज सुरू होते. कुणी म्हणतो, सटवाईनं कपाळी लिहिलं; कुणी त्या माउलीलाच पांढऱ्या पायाची ठरवतो. आकडेशास्त्राने या प्रश्नाचा छडा कसा लावला, ते आज पाहू.

बालमृत्यूंचा हिशेब जुना आहे. लंडनचा व्यापारी जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये मृत्यूच्या याद्या चाळून अंदाज केला, की शंभरांतली सुमारे ३६ मुले सहा वर्षांच्या आत दगावतात. पण ही मोजदाद साऱ्या शहराची. कोणत्या घरी किती गेली, हे त्यातून कळत नसे.

घरोघरची नोंद झाली आपल्या पंजाबात. लुधियाना जिल्ह्यात खन्नाजवळच्या खेड्यांत १९५० नंतरच्या दशकात जॉन वायन व जॉन गॉर्डन यांनी जन्ममृत्यू टिपून ठेवले. पुढे त्याच गावांत मोनिका दासगुप्ता यांनी फिरून पाहणी केली आणि १९९० मध्ये दाखवले, की जेमतेम १३ टक्के घरांत ६२ टक्के बालमृत्यू घडले होते.

हा निव्वळ दैवाचा खेळ असेल का? हिशेब करून बघा. शंभर घरे, प्रत्येकी तीन मुले आणि पाचांतले एक मूल दगावते असे धरा. मृत्यू आंधळेपणाने फिरत असेल, तर दोन किंवा अधिक मुले गेलेली घरे दहाच्या आसपास निघतील. मोजल्यावर वीस निघाली, तर त्या घरांत काही कारण दडले आहे, हे उघड झाले.

कारणे दोन तऱ्हेची असतात. दारिद्र्य, पाणी, आईची प्रकृती ही सर्व भावंडांना सारखीच भोवतात. दुसरे कारण असे, की मूल गेले की अंगावरचे दूध तुटते, लवकर दिवस राहतात आणि थकलेल्या कुशीत पुढचे बाळ अशक्त वाढते. विजी अरुलंपलम व सोनिया भालोत्रा यांनी २००६ मध्ये गणिताने या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढल्या. ही साखळी तोडली, तर पहिल्यानंतरच्या भावंडांतील अर्भकमृत्यू उत्तर प्रदेशात ९.८ टक्क्यांनी, केरळात ५.९ टक्क्यांनी घटतील, असा त्यांचा अंदाज होता.

म्हणून गुरुजींनो, ज्या घरी मूल गेले, तिथे बोल लावायला नव्हे, आधार द्यायला जावे. नर्सबाईंची पहिली फेरी त्याच दारी व्हावी, आणि पुढचे दिवस राहण्याआधी त्या माउलीच्या शरीराला पुरती विश्रांती मिळावी. कपाळीचा लेख पुसता येत नसेल. ही साखळी मात्र तोडता येते.