बाळंतविड्याची यादी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी जुन्या काळाविषयी काही लिहून द्यावे, अशी कार्यवाह भगिनींची आज्ञा झाली, त्याच आठवड्यात माझ्या नातसुनेने एक लांबलचक यादी माझ्यापुढे धरली. यादी होती येणाऱ्या बाळासाठी घ्यावयाच्या वस्तूंची. तीन बाटल्या, त्या निर्जंतुक करण्याचे विजेचे यंत्र, पावडर, ग्राइप वॉटर, चोखणी आणि आणखी कितीतरी! "आजी, यातले खरोखर काय काय लागते हो?" तिने विचारले. बाळंतपण भुसावळच्या भर वैशाखात येणार. तिची काळजी खोटी नव्हती. मी चष्मा लावून यादी वाचली आणि मला सासूबाईंची लाकडी पेटी आठवली.

त्या पेटीत जुन्या धोतरांची मऊ दुपटी होती, लंगोट होते, मलमलीची झबली, एक कुंची, सहाण, गुटीच्या मुळ्यांचा बटवा, पितळी बोंडले आणि काजळाची डबी. तळाशी आणखी एक इवलीशी पत्र्याची डबी होती, अगदी रिकामी. ही कशाची, असे विचारता सासूबाई म्हणाल्या, "माझ्या आईची. बाळगोळीची." त्यांची आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाई. बांधावरच्या झोळीतले मूल दिवसभर निजून राहावे म्हणून मोहरीएवढी गोळी त्याला चाटवीत. ती गोळी अफूची असे.

भगिनींनो, हे ऐकून मला त्या माउलीचा रागच आला होता. पुढे वाचत गेले तेव्हा कळले की ही काही एका घराची गोष्ट नव्हे. मुंबईतही हाच प्रकार सर्रास होता. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंनी तेथील गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांच्या मुलांना जवळजवळ सरसकट अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. बाई दिवसभर साच्यावर उभी, घरी पाहणारे कोणी नाही, रजा घेतली तर पगार बुडतो. मग मूल निजवायचे कसे? अफू तर सरकारी परवान्याच्या दुकानात उघड मिळे. १८९३ साली नेमलेल्या शाही आयोगाने सगळी चौकशी केली आणि १८९५ मध्ये बंदीची जरुरी नाही असाच निर्वाळा दिला! अफूने मूल निजते, पण त्याची भूकही निजते आणि श्वासही मंद होतो. किती मुले अशी निजली ती उठलीच नाहीत, त्याचा हिशेब कोणी ठेवला?

यावरचा खरा उपाय वैद्याच्या बटव्यातून निघाला नाही. तो कायदेमंडळातून निघाला. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला, आपल्या देशातला तसला पहिलाच. जुलै १९२८ मध्ये त्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, प्रसूतीच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे सांगितले. आणि तिच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो, तेव्हा भारही त्याने उचलावा, असे मांडले. पुढे १९६१ साली सर्व देशासाठी बारा आठवड्यांच्या रजेचा कायदा आला. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. मात्र आपल्या भोवतीच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या मजूर बाईला ही पगारी रजा आजही नाही. डबी रिकामी झाली, ती बाई मात्र बांधावर तशीच आहे.

ग्राइप वॉटरची कथा थोडी गमतीची आहे. १८५१ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड नावाच्या औषध विक्रेत्याने ते बनविले. त्यात सोडा, साखर, मद्यार्क आणि शेपेचे तेल! बाळंतिणीला जेवणानंतर आपण जी बाळंतशेप देतो, तिचीच ही विलायती बहीण. मद्यार्क आता काढून टाकला आहे. पण मूल गप्प का होई, याचे थोडे उत्तर त्यात असावे असे मला वाटते.

आता माझीच चूक सांगते. १९७२ साली माझा थोरला जन्मला, तेव्हा शेजारच्या बंगल्यांतून डब्याचे दूध आणि काचेची बाटली ही सुशिक्षितपणाची खूण समजली जाई. दूध अंगावर भरपूर असूनही मी बाटली आणली. महिनाअखेर डबा पुरावा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त, असेही केले. उन्हाळ्यात बाटलीच्या बुचात आंबलेला साका राहिला आणि पोराला जुलाब लागले. चार दिवसांत डोळे खोल गेले. सासूबाईंनी बाटली मोरीत आपटून फोडली आणि मूल माझ्या पदराखाली दिले. दवाखान्यात सलाईन लावावे लागले, तो वाचला.

माझ्यासारख्या आया तेव्हा जगभर होत्या, हे नंतर समजले. १९७४ साली लंडनमध्ये माइक म्युलर यांनी या डब्यांच्या विक्रीवर एक पुस्तिका लिहिली आणि मोठे वादळ उठले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा विक्रीसाठी नियम केले, आणि १९९२ साली आपल्याकडे कायदाच झाला. अर्भकांच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास त्याने बंदी आहे. ज्या आईला खरोखरच दूध नाही, तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने डब्याचे दूध द्यावे, त्यात कमीपणा कसला? पण ते वाटी-चमच्याने.

मग लागते तरी काय? याचे मला पटलेले उत्तर गडचिरोलीत मिळाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून तेथील ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची देखभाल शिकविली. त्यांच्याजवळचे सामान ते काय! वजनाचा काटा, थर्मामीटर, बाळाला ऊब देणारी पिशवी, श्वास अडला तर हवा देण्याचे साधन आणि थोडी औषधे. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आले, हे 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली छापून आले. आशाताई आपल्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत जो काटा घेऊन येते, तो याच कामातून आलेला आहे. तिला दारातूनच परत पाठवू नका.

नातसुनेच्या यादीतून बाटल्या, यंत्र, चोखणी, ग्राइप वॉटर आम्ही खोडले. पावडर श्वासात जाते म्हणून डॉक्टर नको म्हणतात, तीही गेली. गुटी खोडताना माझाच हात अडखळला, पण सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, वैशाखातसुद्धा वरचे पाणी नको, हे मी मानते. काजळातही शिसे असू शकते. तीट लावायचीच तर तळपायाला लावा. सुती झबली, लंगोट, टोपडे, साबण, थर्मामीटर आणि लसीकरणाचे कार्ड एवढे राहिले. दुपट्यांसाठी माझी दोन जुनी सुती पातळे धुऊन, उन्हात वाळवून फाडली आहेत. ती रिकामी डबी तिला दाखविली आणि पेटीत होती तिथेच ठेवली.