जुन्या छायाचित्रांतील आकाश आणि शिखराची रेषा

आपल्या देवस्थानांच्या कचेऱ्यांत भिंतीवर लावलेली जुनी छायाचित्रे वाचकांनी पाहिलीच असतील. देऊळ, दीपमाळ, तळी, मागे माडापोफळींची दाट रांग; आणि या सर्वांवर आकाश म्हणावे तर केवळ कोरा कागद. ढग नाही, छटा नाही. पाहणाऱ्यास वाटते, त्या दिवशी आभाळ निरभ्र असावे. आमचे म्हणणे असे की, त्या कोऱ्या जागेवरून हवेविषयी काहीच अनुमान निघत नाही. आणि जीर्णोद्धाराचा विचार करणाऱ्या मंडळींनी तर त्या जागेच्या कडेकडे फार सावधपणे पाहिले पाहिजे.

याचे मूळ रसायनात आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने १८५१ साली कलोडियनच्या ओल्या काचेची कृती प्रसिद्ध केली, आणि पुढे सुमारे तीस वर्षे छायाचित्रकारांचा मुख्य आधार तीच काच होती. ही काच निळ्या-जांभळ्या प्रकाशास अतिशय हळवी, हिरव्या-पिवळ्यास मंद, आणि तांबड्यास जवळजवळ आंधळी. निळे आकाश चटकन उमटे; झाडे आणि माती उमटावयास कितीतरी अधिक वेळ लागे. जमिनीसाठी भिंग उघडे ठेवावे, तर आकाश निगेटिव्हवर काळेकुट्ट होऊन कागदावर पांढरे फटक उतरे. आकाशासाठी ते लौकर मिटावे, तर जमीन काळी ठिक्कर. गोमंतकासारख्या जांभ्याच्या आणि हिरव्यागार मुलखात हा बेबनाव किती वाढत असेल, हे सांगावयास नको. चुन्याने पांढरी केलेली दीपमाळ तर आकाशातच विरून जावी.

पॅरिसच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने यावर तोड काढली. (याच्या आईबापांनी त्यास वकिलाच्या कचेरीत कारकून करण्याचे योजिले होते, तो चित्रकलेकडे वळला. आमच्या धंद्याचे त्यात फारसे नुकसान झाले असे म्हणवत नाही.) १८५६-५७ च्या सुमारास घेतलेल्या त्याच्या समुद्रचित्रांपैकी काहींत दोन निगेटिव्ह आहेत: एक पाण्यासाठी, एक ढगांसाठी. दोन्ही एकाच कागदावर छापून जोड क्षितिजाच्या रेषेवर बसविला. समुद्राचे क्षितिज सरळ, म्हणून जोड लपून राहिला. तेच ढग त्याच्या एकाहून अधिक चित्रांत आढळतात. ढग खरे, समुद्रही खरा. खोटी ती दोहोंची भेट. दोन साक्षीदारांच्या निरनिराळ्या वेळी घेतलेल्या जबान्या एका कागदावर उतरवून खाली एकच तारीख घालावी, तसा हा प्रकार. तरीही त्या चित्रांचे सौंदर्य नाकारण्याचे धैर्य आम्हांस नाही.

अमेरिकेत मायब्रिज याने १८६९ साली वेगळी युक्ती प्रसिद्ध केली. चित्र घेतानाच भिंगापुढे एक लहान फळी खाली सरकवावयाची, म्हणजे आकाशास प्रकाश थोडा मिळे आणि जमिनीस पुरेसा. पण फळीची कडा सरळ, आणि देवळाची कडा सरळ नसते. शिखर, कळस, ध्वजस्तंभ ही आकाशात घुसलेली असतात. तेथे फळीही चालत नाही आणि क्षितिजावरचा जोडही बसत नाही. तेथे कुंचला घ्यावा लागतो.

कुंचल्याचे ठळक उदाहरण म्हणजे मद्रासच्या फौजेतील अधिकारी लिनियस ट्राइप. १८५४ च्या अखेरीस त्याने हळेबीड व बेलूर येथील देवळांची चित्रे घेतली, आणि १८५५ साली तो इंग्रज वकिलातीबरोबर ब्रह्मदेशास गेला. तेथील चित्रांत मोठे देखणे ढग दिसतात. पण ते त्याने हाताने रंगविलेले आहेत! मेण दिलेल्या कागदी निगेटिव्हवर रंग चढविला की तेवढ्या भागातून प्रकाश कमी जातो, आणि छापाच्या कागदावर ती जागा उजळ उमटते. त्याच्या पुष्कळ निगेटिव्ह आजही जपलेल्या असल्यामुळे हा हात उघड दिसतो. १८५८ साली ट्राइप तंजावरास पोचला. भोसल्यांचे राज्य १८५५ मध्ये संपले होते. ज्या बृहदीश्वराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ साली आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला, त्याच देवळाच्या विमानाभोवतालच्या तमिळ शिलालेखांची त्याने एकवीस छापांची जोडपट्टी तयार केली. शिलालेखाच्या अक्षरांबाबत छायाचित्राची साक्ष उत्तम. तेथे आकाशच नाही, मग कुंचल्यास काम काय?

शिखराची गोष्ट निराळी. काचेवरच्या निगेटिव्हमध्ये आकाशाच्या भागात डाग आणि ओघळ फार दिसत, म्हणून पुष्कळ छायाचित्रकार तो सगळा भाग दाट रंगाने बुजवून टाकीत. कुंचला इमारतीच्या कडेकडेने फिरे. तो फिरविणारा माणूस देवळापासून दूर, खोलीत बसलेला. कळसाचे बारीक टोक, पताकेची दोरी, शिखरावर उगवलेल्या पिंपळाची फांदी यांपैकी काय राखावयाचे आणि काय पुसावयाचे, हे त्याच्या हाताने ठरे. म्हणजे ज्या रेषेवरून आपण जुन्या कळसाचा आकार ठरवू पाहतो, त्याच रेषेवर परका हात फिरलेला असण्याचा संभव सर्वांत अधिक. भिंती, खांब, पायऱ्या यांविषयी तेच चित्र अगदी विश्वसनीय असू शकते.

इंदूर आणि हैदराबादच्या वाचकांस लाला दीनदयाळ यांचे नाव परके नाही. इंदूरच्या बांधकाम खात्यातून पुढे आलेल्या या गृहस्थांनी घेतलेली ग्वाल्हेर, सांची, खजुराहो येथील चित्रे लेपेल ग्रिफिनच्या १८८६ च्या ग्रंथात आली. तोवर कोरडी काच आली होती. पण साध्या कोरड्या काचेची दृष्टीही बव्हंशी निळीच. तेव्हा अशा चित्रांनाही आकाशाच्या कडेचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

१८७२ च्या साक्षीच्या कायद्यावर आमची नजर घडली. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा अधिनियम आला. नजर मात्र तीच राहिली आहे. तिला अनुसरून आम्ही एवढेच सुचवितो: कळसाचा आकार ठरविण्यापूर्वी छाप भिंगाखाली धरावा. कडा कात्रीने कापल्यासारखी दिसते काय, शिखराभोवती फिकट वलय आहे काय, झाडांचे शेंडे एकाएकी गोलसर झाले आहेत काय, हे पाहावे. मूळ काच कोणाच्या माळ्यावर असेल तर ती आधी मिळवावी. उजेडासमोर धरताच बुजवलेला भाग ओळखू येतो.

पुढे १८७३ साली जर्मनीत फोगेलने काचेस रंगद्रव्य देऊन तिला हिरवे-पिवळे ओळखावयास शिकविले, विसाव्या शतकाच्या आरंभी तांबडेही दिसू लागले, आणि पिवळ्या काचेच्या आडून ढग आपोआप परतले. आजचा खिशातला फोन कमीअधिक प्रकाशाची अनेक चित्रे एका दमात घेऊन त्यांचे एक करतो. ल ग्रेचीच युक्ती. फक्त आता जोड क्षितिजावर नसून थेट कळसाच्या कडेवर, आणि तो यंत्र ठरविते.