दशांश चिन्ह कोणी द्यायचे?

श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू केले. त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले प्राचार्य. तंत्रशिक्षण मातृभाषेतून मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता; म्हणून इथे गुजरातीतून शिकवले जाई. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवनातून त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा उभी राहिली. बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांत या वास्तूत शिकलेले आजोबा, काका, मुली-सुना आहेत.

आज अशा घरांतून एक काळजी ऐकू येते. इंजिनिअरिंगला असलेली मुले गणिते, प्रोग्रॅम, प्रोजेक्टचे अहवाल, सगळे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतात. मग ती शिकतात काय? ही काळजी रास्त आहे. मात्र साधन बदलले की शिक्षण बदलते, हा अनुभव या विद्येला नवा नाही.

जॉन नेपियरने १६१४ साली लॉगॅरिदमचे तक्ते प्रसिद्ध केले आणि गुणाकाराची बेरीज झाली. त्याच तत्त्वावर काही वर्षांतच सरकती मोजपट्टी, म्हणजे स्लाइड रूल, तयार झाली. पुढे साडेतीनशे वर्षे ती इंजिनिअरच्या हातात राहिली. तिची एक गंमत होती. २५ गुणिले ३२ केले की पट्टी फक्त ८ दाखवी. ते ८, ८० की ८००, हे पट्टी सांगत नसे. दशांश चिन्ह कुठे द्यायचे ते विद्यार्थ्याला स्वतःच ठरवावे लागे. त्यामुळे उत्तर साधारण केवढे यावे, याचा अंदाज त्याला आधी बांधावाच लागे. ही सवय वेगळी शिकवावी लागत नव्हती. साधनाच्या उणिवेतूनच ती अंगवळणी पडे.

१९७२ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीचा एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅलक्युलेटर बाजारात आला. किंमत ३९५ डॉलर. थोड्याच वर्षांत स्लाइड रूलचे कारखाने बंद पडले. दशांश चिन्ह आता यंत्र देऊ लागले, तेही अचूक. वेळ वाचला, चुका घटल्या. पण अंदाज बांधण्याची सक्तीही संपली.

ती सवय सुटली तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात घडले. तिथल्या भव्य क्रीडागृहाच्या पोलादी छताचा आराखडा संगणकाच्या आधारे केला होता. छत जमिनीवर जोडून वर चढवल्यावर ते हिशेबापेक्षा जवळजवळ दुप्पट वाकलेले आढळले. तरी संगणकाच्या हिशेबावर विश्वास ठेवून काम पुढे चालू राहिले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने ते कोसळले. काही तासांपूर्वीच सुमारे ५,००० प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहून घरी गेले होते, म्हणून जीवितहानी टळली. संगणकाने बेरीज चुकवली नव्हती. दाब सोसणाऱ्या दांड्यांना आडवा आधार मिळतो, असे हिशेबात गृहीत धरले होते; प्रत्यक्षात तो पुरेसा नव्हता. डोळ्यांपुढचे छत खरे बोलत होते, पण भरवसा कागदावर ठेवला गेला.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि आणखी एक पायरी ओलांडली गेली. स्लाइड रूल फक्त आकडे देई, कॅलक्युलेटर पूर्ण उत्तर देई. हे साधन उत्तराबरोबर रीत आणि स्पष्टीकरणही देते. पूर्वीच्या अफाट लेखनातून शिकलेल्या धाटणीने ते शब्दाला शब्द जोडते. त्यामुळे चुकीचे सूत्रही ते बरोबर सूत्राइतक्याच ठामपणे लिहू शकते. वाचणाऱ्याला शंका यावी, अशी खूण त्या भाषेत नसते.

याची दुसरी बाजूही आहे. वर्गात विचारायला संकोच वाटला तो प्रश्न मुलगी रात्री अकरा वाजता, मराठीत किंवा गुजरातीत, दहा वेळा विचारू शकते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद 'अनुवादिनी' या साधनाने तांत्रिक पुस्तके भारतीय भाषांत आणते आहे. गज्जरांनी कलाभवनात धरलेला आग्रह अशा रीतीने पुन्हा वाटेला लागतो आहे. म्हणून सरसकट बंदी हे उत्तर नव्हे.

मग उत्तर काय? साधन जी सवय आता लावत नाही, ती शिक्षकाने मुद्दाम लावली पाहिजे. यंत्राला विचारण्यापूर्वी विद्यार्थ्याने अंदाज स्वतःच्या हाताने लिहावा: तुळईवर भार किती टन, ती वाकेल किती मिलिमीटर. मग यंत्राचे उत्तर पाहावे आणि फरक पडला तर कारण शोधावे. प्रोजेक्टच्या गुणांत लेखी अहवालापेक्षा तोंडी परीक्षेला आणि प्रयोगशाळेतल्या प्रत्यक्ष मोजमापाला वजन द्यावे. कारण उद्या पुलाच्या नकाशावर सही यंत्राची नसेल, त्या मुलाची किंवा मुलीची असेल, आणि पुलावरून जाणारी माणसे त्या सहीवर विसंबून असतील.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही यात वाटा उचलता येईल. त्यासाठी संगणक यायलाच हवा असे नाही. नातवंडाने उत्तर दाखवले की एवढेच विचारावे, "बाळ, तुझा अंदाज काय होता?"