टक लावून पाहणारा सहृदयच असतो का?

दुःखी माणसाकडे पाहत राहतो तो सहृदय आणि नजर वळवतो तो कोरडा, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे.

त्याला आधार नाही असे नव्हे. राल्फ अडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी 2005 साली मेंदूतला अमिग्डाला निकामी झालेल्या एका स्त्रीचा अभ्यास मांडला. चेहऱ्यावरची भीती तिला ओळखू येत नसे, कारण तिची नजर समोरच्याच्या डोळ्यांकडे जातच नव्हती. डोळ्यांकडे पाहायला सांगताच ती भीती ओळखू लागली. पूर्वपक्षाचा हा सर्वांत भक्कम पुरावा. परंतु त्यातून सिद्ध होते ते एवढेच, की ओळखण्यासाठी पाहावे लागते. ओळखले म्हणजे कळवळा आला असे होत नाही. कुळाच्या डोळ्यांतली भीती सावकारही अचूक वाचतो.

नजर वळवण्याचे कारणही तपासले पाहिजे. डॅनियल बॅट्सन यांच्या 1981च्या प्रयोगात विजेचे धक्के सोसणारी तरुणी पडद्यावर दाखवली होती. ते धक्के अर्थात लटके होते. काहींना थोडे पाहून उठून जायची मुभा होती. दृश्य एकच, पण स्वतःच्याच अस्वस्थतेने हैराण झालेल्यांपैकी बहुतेक मुभा मिळताच निघाले. तिच्याविषयी कळवळा वाटलेल्यांपैकी बहुतेकांनी मात्र मुभा असूनही उरलेले धक्के स्वतः घ्यायची तयारी दाखवली. अस्वस्थताही पाहण्यातूनच आली होती आणि कळवळाही. म्हणजे नजर वळवणारा दरवेळी कोरडा नसतो. कधी त्याला ते दृश्य सोसतच नाही. मात्र न सोसणे म्हणजेही करुणा नव्हे.

आपल्या भागातला दाखला याहून बोलका आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे भूकंपाने किल्लारी-सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला, तेव्हा साऱ्या देशाची नजर लातूर-उस्मानाबादकडे लागली. काही काळाने ती दुसरीकडे वळली. त्या आपत्तीत पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने, नळदुर्गला ‘आपलं घर’ उभे केले. मुलांना रोज जेवू घालणे, शाळेत धाडणे, आजारपणात उशाशी बसणे, या कामाकडे कॅमेरा सहसा वळत नाही.

तेव्हा सहृदयता मोजायची तर डोळे किती वेळ खिळले हे मोजू नये. निघून जायची मोकळीक असताना कोण थांबला आणि त्याने काय केले, हे पाहावे.