दोन महायुद्धांमधील इंग्लिश मद्यगृह : वास्तुरचना आणि भवितव्य

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील अरुंद, दाटीवाटीचे मद्यगृह हे इंग्लंडमधील मद्यपानविरोधी चळवळीचे प्रमुख लक्ष्य होते. पहिल्या महायुद्धात दारूगोळा कारखान्यांतील कामगारांच्या मद्यपानाचा प्रश्न गंभीर बनला. परिणामी १९१६ मध्ये शासनाने कार्लाइल परिसरातील मद्यनिर्मितीचे कारखाने व मद्यगृहे ताब्यात घेतली. वास्तुविशारद हॅरी रेडफर्न यांनी तेथे घडविलेल्या ‘सुधारित’ मद्यगृहांत भोजन, स्वच्छता व मोकळी जागा यांना महत्त्व होते. खाजगी मद्यनिर्मात्यांनीही हाच मार्ग स्वीकारला. त्यामागे लोककल्याणाची भावना किती आणि परवाने टिकविण्याचा हिशेब किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

बर्मिंगहॅममध्ये मात्र तो हिशेब उघड दिसतो. जुन्या वस्तीतील परवाने सोडून द्यावेत व त्या बदल्यात नव्या उपनगरात मोजकी पण प्रशस्त मद्यगृहे उभारावीत, असे तेथील परवाना दंडाधिकाऱ्यांचे धोरण होते. याच शहराच्या नॉर्थफील्ड उपनगरातील ‘ब्लॅक हॉर्स’ (१९२९) ही या प्रकारातील एक भव्य वास्तू होय. फ्रान्सिस गोल्ड्सब्रो यांच्या या रचनेत पांढऱ्या गिलाव्यातून उठून दिसणाऱ्या काळ्या लाकडी चौकटी आणि उंच, उतरती छपरे आहेत. मागील बाजूस बाउल्स खेळण्याची हिरवळ आहे. प्रथमदर्शनी हा ट्यूडर काळातील एखाद्या जमीनदाराचा वाडाच वाटावा. सहकुटुंब येणाऱ्या मध्यमवर्गीयास संकोच वाटू नये, हा अशा रचनेचा हेतू होता. आधुनिकतावाद्यांनी मात्र या शैलीची ‘ब्रुअर्स ट्यूडर’ अशी संभावना केली. नक्कल ठरल्यामुळे या वास्तू वारसा म्हणून दीर्घकाळ उपेक्षित राहिल्या. अनेक पाडल्या गेल्या, काहींची दुकाने वा उपाहारगृहे झाली. ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या संस्थेच्या विशेष पाहणीनंतर २०१५ मध्ये या काळातील २१ मद्यगृहांना संरक्षण मिळाले.

त्याच वर्षी लंडनच्या किलबर्न भागातील ‘कार्लटन टॅव्हर्न’ पाडण्यात आले. आधीची इमारत १९१८ च्या जर्मन हवाई हल्ल्यात नष्ट झाल्यानंतर चॅरिंग्टन कंपनीने १९२०-२१ मध्ये ते उभारले होते. संरक्षणाची शिफारस होण्याच्या बेतात असतानाच, एप्रिल २०१५ मध्ये, मालक कंपनीने विनापरवाना पाडकाम केले. रहिवाशांना अशी शंका आधीच होती. त्यांच्या आग्रहामुळे वास्तूची छायाचित्रे व फरशांचे प्लॅस्टरचे ठसे घेऊन ठेवलेले होते. त्यामुळेच ‘जशीच्या तशी’ पुनर्बांधणी करण्याचा वेस्टमिन्स्टर नगर परिषदेचा आदेश प्रत्यक्षात येऊ शकला. दंडाची रक्कम नफ्यातून सहज भरता येते. येथे मात्र पाडलेलेच पुन्हा बांधावे लागणार होते. कंपनीने केलेले अपील २०१६ मध्ये फेटाळण्यात आले. ढिगाऱ्यातून वाचविलेले मूळ अवशेष शक्य तेथे वापरून उभारलेले हे मद्यगृह एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले.