बाळंतविडा आणि लोकरीचे विणकाम : अंजनगाव सुर्जी परिसरातील एका गृहकलेचा विचार

अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. त्या महिन्याच्या १५ तारखेस गाविलगड पडला, १७ तारखेस देवगाव येथे नागपूरकर भोसल्यांनी तह केला आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत शहानूर नदीकाठच्या ह्या गावी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात करार झाला. कोणता मुलूख कोणाकडे गेला याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्याच गावात व त्याच्या आसपास जन्मास येणाऱ्या मुलाच्या अंगावर पहिले वस्त्र कोणते पडे, ते कोणाच्या हातचे असे आणि ते केव्हा तयार होई, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या कक्षेत क्वचितच आला. तो क्षुल्लक नाही. मूल जगेल की नाही याविषयी एखाद्या समाजाला किती भरवसा वाटत होता, याचा पुरावा मुलासाठी केलेल्या वस्त्रांतच सापडतो.

ह्या विषयाची साधने विखुरलेली आहेत. लायलने १८७० साली संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर काय किंवा १९११ चे अमरावती जिल्ह्याचे गॅझेटियर काय, त्यांचा रोख महसूल, पिके व बाजार यांवर आहे. अंजनगावचे सुती कापड, पानमळे आणि बुरुडकाम यांची वाखाणणी सरकारी लेखनात झाली, कारण त्या वस्तू बाजारात येत. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या जातिवर्णनपर ग्रंथात जन्मसंस्कारांची माहिती आहे; पण संस्कार सांगताना वस्त्रांकडे पाहण्याची दृष्टी त्यांत थोडी. उरतात ते भाषेतील शब्द, जात्यावरच्या ओव्या आणि घरोघरच्या ट्रंकांतून जपलेली अंगडी-टोपडी. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात तान्ह्या बाळाविषयीच्या ओव्यांना मोठे स्थान आहे. एकंदर ओवीवाङ्मय पाहता अंगडे, टोपडे, कुंची हे शब्द सतत भेटतात आणि त्यांच्या जोडीला मामा, मावशी, आत्या यांची नावे येतात. म्हणजे ओवीकर्तीच्या लेखी वस्त्र आणि नाते ह्या दोन वस्तू वेगळ्या नाहीत.

ह्या वस्त्रांच्या देण्याला मराठीत स्वतंत्र नाव आहे : बाळंतविडा. विडा हा शब्द येथे मानाच्या देण्याचा वाचक होय. बाळासाठी अंगडे अथवा झबले, टोपडे, कुंची व दुपटे, बाळंतिणीसाठी लुगडे-चोळी, आणि ऐपतीप्रमाणे वाळे-बिंदल्या, असा त्याचा साधारण विस्तार. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत असल्यामुळे बाळंतविडा हा दोन घरांतील व्यवहारही होता. बाराव्या दिवशी बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. तिने रिकाम्या हाताने येऊ नये असा संकेत. कुंचीचे महत्त्व विशेष. डोके, कान, मान व पाठ एकाच वस्त्राने झाकणारी ही रचना पुष्कळदा आईच्या लुगड्याच्या काठपदरातून किंवा खणातून शिवली जाई व तिला मणी-गोटा लावला जाई. विकतची कुंची देणे अशक्य नव्हते. पण तिला हातच्या कुंचीचा मान नव्हता.

परंतु बाळंतविड्याच्या ह्या थाटामागे एक निषेध उभा असे, आणि त्याच्याकडे लक्ष दिल्याशिवाय पुढील इतिहास कळत नाही. मूल जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे काही करू नये, आणि जन्मल्यावर आरंभी त्याला नवे वस्त्र घालू नये, असा हा निषेध. मूल सुपात निजवावे, अंगावर आजीच्या जुनेराचा तुकडा गुंडाळावा, बाळोती जुन्या धोतरांची करावी. पाचवी-सटवाई होऊन जावी, मग बारशाला नवे. जुने कापड मऊ असते हे कारण खरेच आहे, पण ते पुरेसे नाही. ज्या भावनेने मुले दगावणाऱ्या घरात पुढच्या मुलाचे नाव धोंडू, दगडू किंवा केरबा ठेवीत, तीच भावना येथेही आहे. नव्या वस्त्राने मुलाकडे लक्ष वेधते, आणि लक्ष वेधणे धोक्याचे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मध्यप्रांत-वऱ्हाडात दर हजार जन्मांमागे दोनशेहून अधिक अर्भके पहिल्या वर्षातच मृत्यू पावत. जेथे चार-पाच पाळण्यांमागे एक पाळणा रिकामा होत होता, तेथे आगाऊ तयारी न करण्यात भोळेपणापेक्षा अनुभव अधिक होता. न वापरलेले टोपडे घरात उरणे हे दुःख स्त्रियांना टाळावयाचे होते.

जुन्या वस्त्राने ऊब कितीशी मिळणार, अशी शंका येईल. तिचे उत्तर असे की, जुन्या पद्धतीत ऊब वस्त्राने नव्हे तर विस्तवाने दिली जाई. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, तेल-हळदीचे मर्दन, कढत पाण्याची न्हाणी, ओवा-शेपेची धुरी, बंद दारे आणि अंधारी खोली हा त्या व्यवस्थेचा गाभा. ह्या खोलीतील धूर माता व बालक दोघांनाही अपायकारक होता याविषयी आज दुमत नाही; तथापि नवजात मुलाला उबेची निकड असते हे त्या व्यवस्थेने अचूक ओळखले होते.

आता लोकरीकडे वळता येईल. लोकर वऱ्हाडाला नवी नव्हती. धनगरांची घोंगडी सर्वत्र होती, आणि सोवळ्यातील धाबळीमुळे लोकरीच्या वस्त्राला शुचित्वही लाभले होते. नवे होते ते दोन सुयांवर टाके घेऊन वस्त्र उभे करण्याचे तंत्र. मिसर देशात सापडलेले, मध्ययुगीन शतकांतील सुती मोजे हे ह्या तंत्राचे अगदी जुने नमुने होत. युरोपात त्याचा मोठा प्रसार झाला आणि पश्चिम भारतात ते एकोणिसाव्या शतकात मुख्यतः मिशनरी स्त्रिया व त्यांच्या मुलींच्या शाळा यांच्याद्वारे आले. मराठीने त्यासाठी नवे क्रियापद घडविले नाही. माग विणतात, बाज विणतात, जाळे विणतात, तसाच स्वेटरही विणतात. ‘सुलट’ व ‘उलट’ हे दोन टाकेही घरच्याच शब्दांत बसले. हुकाच्या सुईचे काम तेवढे ‘क्रोशा’ म्हणून परके नाव घेऊन आले. शब्दांची ही वाटणी सूचक आहे. टोपडे व कुंची लोकरीची झाली तरी नावे जुनीच राहिली. ‘स्वेटर’ला मात्र जुने नाव मिळाले नाही, कारण त्या आकाराचे वस्त्र बाळंतविड्यात पूर्वी नव्हतेच. मोजा हा शब्द फारसीतून आलेला असल्याने तो विणकामाच्याही आधीचा.

प्रसाराची पुढील पायरी शाळेची. मुलींच्या शिक्षणक्रमात शिवण-भरतकामाला स्थान देणे हे पालकांची समजूत घालण्याचे एक साधन होते : मुलगी लिहावयास शिकते याची धास्ती, ती टोपडे विणावयास शिकते या समाधानाने कमी होई. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने अशा हस्तव्यवसायांना चरितार्थाचीही जोड दिली. १९३० पासून निघालेल्या किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकासारख्या नियतकालिकांमुळे विणीचे नमुने शाळेबाहेर, टपालाने, तालुक्याच्या गावापर्यंत गेले. माल जाण्याची सोय त्याआधीच झाली होती. कानपूरची ‘लाल इमली’ गिरणी १८७६ मध्ये आणि पंजाबातील धारीवालची गिरणी त्यानंतर थोड्याच वर्षांत उभी राहिली होती; आणि मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव या मार्गे अचलपूरला जाणारी, पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेलेली अरुंद मापाची रेल्वे १९१३ साली सुरू झाली. ही गाडी बांधली गेली ती कापसासाठी. परंतु कापसाच्या गाठी घेऊन जाणारी गाडी परतताना बाजाराचा माल आणते, आणि अशा मालात लोकरीच्या लडीला जागा फारशी लागत नाही.

कापसाच्या ह्या मुलखाने लोकर सर्वांना सारखी दिली नाही. वऱ्हाडात कपाशीची वेचणी दिवाळीच्या सुमारास जोर धरते व पौष-माघापर्यंत चालते. वेचणारे हात बहुतांशी स्त्रियांचे. मेळघाटच्या डोंगरांकडून थंडी उतरते तीही ह्याच महिन्यांत. म्हणजे ज्या ऋतूत मुलाला लोकर हवी, त्याच ऋतूत शेतमजूर स्त्रीला सुया धरावयास उसंत नसे. तिच्या घरी जुन्या लुगड्यांची गोधडी हाच बाळंतविडा राहिला, आणि ती शिवण्याचे काम हात थकलेल्या आजीकडे आले. लोकरीचे विणकाम प्रथम रुजले ते शिक्षक, कारकून, वकील, दुकानदार यांच्या घरांत. त्याला केवळ हौस म्हणणे अपुरे आहे. दुपारची मोकळी वेळ ही त्या वर्गाची खरी मिळकत होती.

विणकामाने बाळंतविड्यात जो सर्वांत मोठा पालट घडविला तो वेळेचा. जुन्या लुगड्याचे अंगडे एका दुपारी शिवून होते. ते मूल जन्मल्यावर हाती घेतले तरी बारशाला तयार. लोकरीचा संच तसा होत नाही. स्वेटर, टोपडे व मोजे विणावयास घरकामातून वेळ काढणाऱ्या स्त्रीला काही आठवडे लागतात. म्हणून सुया हाती घ्यावयाच्या तर डोहाळजेवणाच्या, म्हणजे सातव्या महिन्याच्या आगेमागेच घ्यावयास हव्यात. आणि तेथे निषेध आडवा येतो. ह्या पेचातून वाट काढताना रूढी मोडली असे न म्हणता ती सरकली असे म्हणणे योग्य. गरोदर स्त्रीने स्वतः विणावयाचे नाही, विणावयाचे ते मावशीने, आत्याने वा शेजारणीने, आपल्या घरी; आणि ते बाळंतिणीच्या घरी न्यावयाचे बारशाच्या दिवशी. घरात नवे वस्त्र आले नाही, म्हणून नियम पाळला गेला. वस्त्र तयार होते, म्हणून मुलाची वाटही पाहिली गेली. बाळंतविड्याच्या जुन्या चौकटीतील नात्याचा भाग ह्या नव्या तंत्राला असा उपयोगी पडला. हा पालट अर्भकमृत्यू कमी होण्याच्या काळाशी समांतर चालला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दोहोंमध्ये सरळ कार्यकारणभाव लावणे साहसाचे होईल; पण पुढील मूल जगेल ह्या भरवशावाचून आगाऊ टाके घालण्याचे धैर्य समाजात पसरले नसते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कृत्रिम धागा स्वस्त झाला, तयार कपडे बाजारात आले आणि हातच्या विणीचे प्रमाण घटले. त्याहून दूरगामी फरक प्रसूती घरातून दवाखान्यात गेल्याने पडला. शेगडी आणि धुरी मागे राहिली, आणि उबेचा सारा भार आईच्या अंगावर व वस्त्रावर आला. नवजात मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने तेथून उष्णता वेगाने जाते. उष्ण प्रदेशातही ओल्या अंगाचे मूल गारठते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बालकांच्या शुश्रूषेचा जो प्रयोग केला व ज्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात मुलाला उबदार ठेवण्याच्या साध्या साधनांना औषधांच्या बरोबरीने स्थान होते. अंजनगावच्या उत्तरेस असलेल्या मेळघाटातील बालमृत्यूंची चर्चा १९९० नंतर सतत होत आली, तीतही कमी वजनाच्या मुलांच्या गारठण्याचा प्रश्न आहेच. टोपडे हा शोभेचा भाग नव्हता, हे ओव्या रचणाऱ्या स्त्रियांना ठाऊक होते.

प्रसूतीच्या वेळी आजही दवाखान्यातून नातेवाइकांना घरचे धुतलेले, मऊ, जुने सुती कापड व एक टोपडे आणावयास सांगतात. आजीचे जुनेर आणि टोपडे ही दोन्ही आता मुलाच्या अंगावर पहिल्याच तासात चढतात. मावशीने विणलेला लोकरीचा संच मात्र अद्याप बारशाच्या दिवसाचीच वाट पाहतो.